गावकीची खोली आता गावात हवी

आमच्या वाडीत चौतीस घरं. त्यांतल्या एकोणीस घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप. गौरी-गणपतीला सगळी दारं उघडतात, पाखाडीवर पाऊल ठेवायला जागा नसते, रात्री उशिरापर्यंत भजनं चालतात. विसर्जन झालं की दोन दिवसांत मुंबईच्या जादा एसट्या भरतात आणि पुन्हा कड्या लागतात. मग शिमग्यापर्यंत त्या घरांत फक्त घुशी आणि वाळवी नांदते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या उपकेंद्रात नवी आरोग्यसेविका रुजू झाली. मराठवाड्यातली, पंचविशीतली मुलगी. तिने वाडीवाडीत खोली विचारली. कुणी म्हणालं, मालक मुंबईला असतात, त्यांना विचारावं लागेल. कुणी म्हणालं, घर भावाभावांत सामायिक आहे, आमच्या एकट्याच्या हातात नाही. एका घरी तिचं आडनाव विचारलं आणि मग खोली परवाच दिली असं सांगितलं. ती खोली आजही बंदच आहे. शेवटी तिने खेडला खोली घेतली आणि रोज दोन गाड्या बदलून येऊ-जाऊ लागली. त्याच श्रावणात एका रात्री वाडीतल्या एका आजोबांना फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं. ज्या बाईला पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते ठाऊक होतं, ती तीसेक किलोमीटर लांब झोपलेली होती. शेजारच्या पोराची रिक्षा दारात होती म्हणून आजोबा वाचले.

एकोणीस घरं बंद, आणि एका बाईला राहायला जागा नाही. हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या एकोणीसांतलं एक घर आमचं होतं.

कोकणात भाड्याने घर मिळत नाही, असं म्हटलं की लोकांना आश्चर्य वाटतं. इथे तर माणसंच कमी झाली आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. माणसं घटली आणि घरं मात्र वाढत गेली. जुनी घरं तशीच उभी, त्यांच्या शेजारी चाकरमान्यांनी बांधलेली स्लॅबची नवी घरं, शहरालगत 'सेकंड होम'च्या इमारती. सप्टेंबर संपताना एखाद्या संध्याकाळी दापोलीच्या बाहेरच्या रस्त्याने चालत जा आणि त्या इमारतींतले दिवे मोजा. चार मजल्यांच्या इमारतीत तीन खिडक्या उजळलेल्या दिसतील. बाकीच्या घरांत भिंतींना बुरशी धरलेली असते.

मग घर शोधतं कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, महावितरणचा वायरमन, बँकेत बदलून आलेली कारकून, पतपेढीतला वसुलीवाला, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायला आलेली पोरं, हर्णै बंदरातल्या बोटींवरचे खलाशी, आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी जोडपी आणि त्यांची लेकरं. ओरोस आणि रत्नागिरीला अलीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यामुळे तिथे नर्स, तंत्रज्ञ, सफाई कामगार अशी आणखी शेकडो माणसं जागा शोधू लागली. ही सगळी माणसं आली नाहीत तर गाव चालणार नाही. आणि नेमकं त्यांनाच गावात बिऱ्हाड करता येत नाही.

शिक्षकांचं तर वेगळंच. त्यांनी मुख्यालयी राहावं असा सरकारचा नियम, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायचा. गावात भाड्याची एक खोली नसताना ठराव होतो, गुरुजी गावातच राहतात असं कागदावर येतं आणि गुरुजी संध्याकाळच्या गाडीने तालुक्याला जातात. यात गुरुजींना दोष देणं सोपं आहे. मला मात्र त्या ठरावावर सह्या करणाऱ्या आम्हा गावकऱ्यांचंच अधिक वाईट वाटतं. गुरुजींनी बिऱ्हाड इथे केलं असतं तर त्यांची दोन मुलं आमच्या शाळेच्या पटावर आली असती. पट कमी म्हणून शाळा बंद पडेल या भीतीत जगणाऱ्या वाडीला दोन मुलं म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

किनाऱ्याच्या गावांत अडचण आणखी एका दिशेने आली. तारकर्ली-देवबाग, गुहागर, मुरुड, कर्दे, दिवेआगर, सगळीकडे खोली आता रात्रीच्या दराने जाते. शनिवार-रविवारी एका रात्रीचे दोन-अडीच हजार मिळत असतील तर चार हजार महिना देणारा भाडेकरू मालकाला परवडत नाही, हे समजण्यासारखं आहे. नाताळात आणि मे महिन्यात तर भाडेकरूला खोली रिकामी करायला सांगतात. भर उन्हाळ्यात संसार टेम्पोत टाकून दोन महिने नातलगांकडे काढायचे आणि पाऊस लागला की परत यायचं, असं करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांची मुलं ऐन परीक्षेत घर हलवतात.

तरीही घरगुती निवास बंद करा असं मी म्हणणार नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. त्यानंतरच्या वर्षांत 'निवास व न्याहारी'सारख्या योजनेतून कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. सोलकढी आणि घावने करून ज्या बाईने मुलीला इंजिनिअर केलं, तिच्या दोन खोल्यांवर माझा राग नाही. ज्या घरात यजमान स्वतः राहतो आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतो, ते घर गावाचंच असतं. प्रश्न आहे तो पुण्या-मुंबईत बसून तीन-तीन बंगले चालवणाऱ्या मालकांचा, जे गावाचं पाणी, रस्ता आणि कचराकुंडी वापरतात आणि गावाला एक कायम राहणारा माणूस देत नाहीत. या दोघांना एकाच पट्टीने घरपट्टी लावणं अन्यायाचं आहे. वर्षभरासाठी भाड्याने दिलेल्या घराला सवलत आणि वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या घराला जादा आकार, अशी दुरुस्ती सरकारने कराच्या नियमांत करायला हवी.

स्वस्त खोली मिळाली तरी ती कुठे मिळते, हेही पाहावं लागतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात बाजारपेठेच्या बाजूला तळमजल्याची जागा आणि पहिल्या मजल्याची जागा यांत लोक फरक करू लागले. ज्याला परवडतं तो वर जातो. दुकानात काम करणारा, हातगाडीवाला खालीच राहतो, कारण खालची खोली स्वस्त. वाशिष्ठीचं पाणी पुन्हा चढलं तर पहिलं सामान त्याचंच भिजणार. परवडणाऱ्या घराची किंमत तो अशी मोजतो.

घरं असून ती उघडत का नाहीत? आमच्याच घराचं सांगते. सात नावं आहेत. तीन भाऊ मुंबईला, एक चुलतभाऊ बडोद्याला, दोन आत्या. मी नोकरीतून मोकळी होऊन गावी आले आणि घर भाड्याने देऊ या असं सगळ्यांना फोनवर म्हटलं, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडून पहिला शब्द आला, 'कूळ लागेल.' म्हणजे राहणारा उद्या घरावर हक्क सांगेल.

ही भीती कोकणी माणसाच्या हाडात मुरलेली आहे, आणि तिचा इतिहास समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्याआधी १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला होता. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' धरून कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. तो न्याय होता. पिढ्यानपिढ्या राबलेल्या माणसाला जमीन मिळायलाच हवी होती. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरांत आणि पुढे ज्यांना ती मिळाली त्यांच्याही घरांत एकच धडा शिल्लक राहिला, की दुसऱ्याला पाय ठेवू दिला की वस्तू गेली. शेतजमिनीचा तो धडा लोकांनी घराला, पडवीला, अगदी गोठ्यालाही लावून टाकला.

नोकरीनिमित्त आलेल्या माणसाला घर लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे मुदतीच्या परवाना कराराने, दिलं तर कूळकायद्याचा तिथे काही संबंध नाही. परवाना, म्हणजे लायसन्स, देताना जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असं १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमातच आहे. सामायिक घराच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण सात हिस्सेदारांपैकी कुणाचाही वाटा त्याने कमी होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. उलट नोंदणी केली असेल तर २४ व्या कलमाखाली, मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून बाहेर काढता येतं आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. म्हणजे ज्या कागदाला आमचे लोक घाबरतात, तोच त्यांना राखतो. कागद नको, तोंडी ठरवू, असं म्हणणारा मालक स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो.

खर्चही फार नाही. महिना पाच हजार भाडं आणि दहा हजार अनामत असेल तर अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने दोनशे रुपयांच्या आतच बसतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, नगरपंचायत-नगरपरिषदेच्या हद्दीत १०००. घरबसल्या आधारच्या अंगठ्यावर नोंदणी होते, मुंबईच्या भावाला सही करायला गावी यावं लागत नाही.

आम्ही तसंच केलं. भावांनी संमती कळवली. घर उघडलं तेव्हा दोन वासे कुजलेले होते आणि मागच्या पडवीवरची कौलं सरकलेली. जुनी माणसं सांगायची, चूल पेटती असली की घर टिकतं. धुराने वाशांना कीड लागत नाही आणि माणसाचा वावर असला की पहिल्याच पागोळीला गळती कळते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या तालुक्यात हे डोळ्यांनी दिसलं. कौलं उडालेल्या छपरांवर राहत्या घरांनी चार दिवसांत ताडपत्री ओढली. बंद घरांनी अख्खा पावसाळा उघड्यावर काढला, आणि त्यांतली काही पुन्हा उभी राहिलीच नाहीत. आमच्या दुरुस्तीला अठरा हजार लागले. महिना साडेतीन हजार भाड्यातून ते सहाव्या महिन्यापर्यंत वसूल झाले. देवघराची मधली खोली आम्ही आमच्याकडे ठेवली, गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस आम्ही येऊन राहू असं करारात लिहिलं. आरोग्यसेविका ओटीकडच्या दोन खोल्यांत आणि पडवीत राहते. पहिल्या गणपतीला ती तिच्या गावी गेली. दुसऱ्या वर्षी राहिली आणि आमच्या आत्यांबरोबर मोदकाच्या पाऱ्या करायला बसली.

पण एक घर उघडल्याने वाडीचा प्रश्न सुटत नाही. मी गावी होते, भावंडांत माझं ऐकलं गेलं, म्हणून हे जमलं. बाकीच्या अठरा घरांत तसं कुणी नाही. म्हणून मला वडिलांची खोली आठवते.

माझे वडील मुंबईला गेले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत उतरले. दहा बाय बाराची ती खोली आमच्या गावातल्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतली होती. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक ट्रंक, जेवण खानावळीत. गावातून नवा पोरगा आला की त्याला कुणी आडनाव विचारत नव्हतं, कारण गावाचं नाव हीच ओळख. मालकाशी बोलायला एक जाणता माणूस ठरलेला, भाडं त्याने गोळा करून द्यायचं, एखाद्याने चुकवलं तर गावकीने भरायचं. मालकाला वीस अनोळखी माणसांवर भरवसा ठेवावा लागत नव्हता, एका गावावर ठेवला की पुरे होतं. कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या परळ, लालबाग, गिरगावात होत्या. त्यांच्या जोरावर कोकण मुंबईत टिकलं, आणि त्या खोल्यांतून आलेल्या मनिऑर्डरींवर ही आजची बंद घरं बांधली गेली.

तीच रीत आता उलट्या दिशेने हवी. गावकीची खोली मुंबईत होती, ती आता गावात हवी. बाहेरून येणाऱ्या माणसासाठी गावाने जामीन राहायचं. ग्रामपंचायतीकडे नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, प्रत्येक घराची नोंद आहेच, कोणतं घर बंद हे ग्रामसेवकाला आणि शिपायाला पाठ असतं. मालकाने पंचायतीला संमती द्यावी. पंचायतीने घराचे फोटो काढून पंचनामा करावा, करार नोंदवून द्यावा, अनामत आपल्याकडे ठेवावी आणि किल्ली सांभाळावी. साफसफाई, कौलं परतणं, किरकोळ दुरुस्तीवर लक्ष ठेवणं ही कामं बचत गटाच्या बायकांना द्यावीत, भाड्यातला ठरावीक वाटा त्यांचा. भाडेकरू बदलून गेला तर दुसरा शोधण्याची जबाबदारी मुंबईतल्या मालकावर नको. आणि पंचायतीच्या यादीतलं घर देताना जात, धर्म किंवा एकटी बाई हे कारण चालणार नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलेलं असावं. खासगी मालकाच्या दारात आडनाव विचारलं जातं तेव्हा भाडेकरू काही करू शकत नाही. सार्वजनिक संस्था मध्ये आली की तिला संविधानाला उत्तर द्यावं लागतं. माझ्या लेखी हे या योजनेचं सर्वांत मोठं कारण आहे.

सरकारच्या योजना आमच्यापर्यंत पोचत नाहीत, असं नाही. पण त्या चुकीच्या दारात उभ्या राहतात. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार मिळतात, ते स्वतःचं घर बांधायला. केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, २०२४ च्या शहरी आवास योजनेतही भाड्याच्या घरांचा भाग आहे, पण दोन्ही शहरांसाठी. दापोलीच्या पलीकडे वाडीत राहून काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला किंवा बागेतल्या राखणदाराला यांतलं काहीच लागू नाही. नवीन इमारत बांधायचीही गरज नाही. मोडक्या छपरावर पन्नास हजार खर्च करायला तयार असलेल्या मालकाला बिनव्याजी कर्ज मिळालं, भाड्यातून वळतं करून घेतलं, तरी पुष्कळ होईल. किनाऱ्यालगतच्या गावांत सागरी नियमनामुळे नव्या बांधकामाला तशाही मर्यादा आहेत. तिथे आहे ती घरं उघडणं हाच मोकळा रस्ता आहे.

मी भाडं गोठवा असं म्हणत नाही. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर धरून ठेवली. आमच्या वडिलांसारख्यांना त्यामुळे छप्पर मिळालं हे खरं, पण मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, पागडी वाढली आणि चाळी खंगल्या हेही खरं. भाडं दोघांना परवडेल असं पंचायतीने वर्षाला एकदा बसून ठरवावं, एवढंच.

या सूचनेवर मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. पहिला, गावात परके येतील. यावर मी फार बोलत नाही. लालबागच्या खोलीत माझे वडील परकेच होते. दुसरा आक्षेप खरा आहे: पंचायतीत राजकारण असतं, यादी सरपंचाच्या पाहुण्यांत वाटली जाईल. म्हणून यादी, भाडं आणि रिकाम्या घरांचा फलक पंचायतीच्या भिंतीवर हवा आणि हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. एवढं करूनही काही ठिकाणी लबाडी होईल. पण आज जे चाललं आहे, त्यात तर फलकच नाही, फक्त 'परवाच दिली' आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. अठरा घरांच्या मालकांचे नंबर मिळवले. अकरा जणांशी बोलणं झालं. तिघांनी ठाम नाही म्हटलं, चौघांनी भावांना विचारून सांगतो म्हटलं. बाकीच्या चौघांनी गणपतीला आले तेव्हा किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या. त्यांतल्या एका घराचं मागचं छप्पर पावसाने बसलं आहे. ते आधी घ्यायचं, कारण जून महिन्यात रुजू झालेले गुरुजी अजून दापोलीहून येतात.